ब्याण्णव मीटर

तरणखारच्या बांधाला कान आले ते २०३६ साली. गावाचं डोकं त्याच्या दोन वर्षं आधीच फिरलं होतं.

डोकं फिरायला ग्रामपंचायतीची एक निवडणूक पुरली. एका पॅनलची निशाणी छत्री, दुसऱ्याची कपबशी. कपबशी चार मतांनी आली. मग छत्रीवाल्यांनी टपरीवर बशीतून चहा पिणं सोडलं, आणि कपबशीवाले भर पावसात डोक्यावर गोणपाट घेऊन हिंडू लागले. बाहेरून आलेल्याला हसू यायचं. गावात कोणी हसत नव्हतं. एका होळीच्या दोन झाल्या, एका भजनी मंडळाची दोन झाली, सख्ख्या बहिणींनी एकमेकींच्या घरच्या बारशाला जाणं बंद केलं. शेवटी या शहाण्यांनी बांधसुद्धा वाटून घेतला.

खारेपाटात बांध म्हणजे काय हे सांगायला हवं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि भरतीच्या वेळी खाचरं पाण्याच्या पातळीखाली. मधे उभा साडेतीन किलोमीटरचा चिखलमातीचा बांध. चिंबोरीने, खाडीतल्या खेकड्याने, त्याला बोटभर बीळ पाडलं की त्यातून पाणी झिरपू लागतं, आणि मोठं उधाण आलं की त्याच जागी बांध फुटतो. त्याला खांड पडली म्हणतात. खांडीतून आत आलेलं खारं पाणी जमिनीची तीन वर्षांची पिकं खाऊन जातं. म्हणून गावात पूर्वापार जोळ होती. घरटी एक माणूस, पाळीपाळीने, पावसाळाभर रोज सगळा बांध चालायचा आणि बीळ दिसलं की टाचेने चिखल दाबायचा. यात कसलं शास्त्र नव्हतं, पण दीडशे वर्षं बांध उभा होता. निवडणुकीनंतर जोळ मोडली. गावाकडचा अर्धा बांध छत्रीने घेतला, आणि उघाडीकडचा, म्हणजे पाणी सोडायच्या दारांकडचा अर्धा कपबशीने.

त्यानंतर तार आली. एका संशोधन संस्थेने बांधाच्या पोटात केसाएवढी काचेची तार पुरली. तिच्यात सेकंदाला हजार वेळा लेसरचा ठोका सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक दोष असतातच, आणि प्रत्येक दोषावरून थोडा प्रकाश मागे फिरतो. जमीन हलली की काच किंचित ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परत आला यावरून जागा कळते. थोडक्यात, मीटरमीटरला एक असे साडेतीन हजार कान बांधात बसले. अडचण एकच होती. या कानांना सगळंच ऐकू यायचं. वारा, लाटा, हमरस्त्यावरचे ट्रक, म्हशींचे खूर. त्या गोंगाटातून चिंबोरीची नखं वेगळी काढणं तेव्हाच्या यंत्राच्या आवाक्यात नव्हतं. यंत्र सगळं ऐकून घ्यायचं, साठवायचं आणि गप्प बसायचं.

२०३९च्या भाद्रपद अमावस्येला, भर दुपारी, बांधाच्या मधोमध खांड पडली. पहिला धावला तो छत्रीचा राखणदार अनंत मोकल. वाळूची गोणी घेऊन तो खांडीच्या कडेवर उभा राहिला, कड ढासळली आणि अनंत आत गेला. दोन दिवसांनी तो खाडीकाठच्या तिवरांच्या मुळांत सापडला.

छत्रीवाले म्हणाले, कपबशीने बांध कापला. कपबशीवाले म्हणाले, छत्रीने कापला आणि त्यांचाच माणूस त्यात गेला. पोलीस आले, पंचनामा झाला, काही निष्पन्न झालं नाही. अनंतची बायको दर्शना हिला मात्र पंचनाम्याची गरज नव्हती. उघाडीकडच्या बाजूला तेव्हा राखणीला हसुराम घरत होता. तिने पोलिसांसमोर त्याची गचांडी धरून त्याला खुनी म्हटलं. चार वर्षं ती रोज ते मनात म्हणत होती. जुन्या वाचनालयाच्या खोलीत तारेचं यंत्र होतं, ते सांभाळायची नोकरी तिने मागून घेतली ती एवढ्याचसाठी. तारेने त्या दिवसांचं सगळं ऐकलेलं आहे, कधीतरी ती बोलेल, आणि हसुरामचं नाव सगळ्या गावासमोर घेईल.

आणि २०४३च्या वैशाखात तार बोलायला लागली.

*

संस्थेकडून नवं सॉफ्टवेअर आलं होतं. ते गोंगाट गाळू शकत होतं. एवढंच नाही, प्रत्येक माणसाची चाल वेगळी असते, त्याचं वजन, पावलांमधलं अंतर, कोणती टाच आधी आपटते, त्यावरून माणूससुद्धा ओळखू शकत होतं. खांड पडण्याआधी बांध कसा वाजतो हे त्याला शिकवायचं, म्हणून २०३९चा सगळा साठा त्याला ऐकवायचा होता. ही बातमी फुटायला अर्धा दिवस लागला.

सर्वांत आधी आले छत्री पॅनलचे पुढारी सदानंद पाटील. अनंतचे मित्र म्हणून ते दर्शनाला वयनी म्हणत, आणि मित्र म्हणून तिच्या खोलीत न विचारता बसत.

"वयनी, सोमवारी ग्रामसभा हाय. तिथं सगल्यांसमोर सांगाचा, कोनी बांध कापला तो. पन आधी मना सांगाचा."

"अजून यंत्र ऐकतंय, भावजी."

"ऐकू दे. पन नाव हसुरामचा आला पायजे. दुसरा काय आला तर यंत्र बिघडलंय समजाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुद्द हसुराम खिडकीशी आला. सत्तरीचा माणूस, गुडघा गेलेला, हातात काठी. चार वर्षांत तो तिच्या इतक्या जवळ आला नव्हता.

"तारवाले," तो म्हणाला, "माझा खोटा नाव घेतलास तर ही खोली तुझ्या यंत्रासकट खाडीन टाकीन."

"खरा घेतला तर?"

तो खिडकीच्या गजावर काठी आपटून निघून गेला. दर्शनाला बरं वाटलं. घाबरलाय, ती स्वतःशी म्हणाली.

*

तीन दिवस ती ऐकत होती. जेवण डब्यात तसंच राहायचं. पडद्यावर बांधाची लांबी आडवी, वेळ उभा, आणि त्यावर पावलांच्या रेघा. त्या वर्षी आषाढात हद्दीवरून मारामारी झाली होती. त्यानंतर छत्रीने एक धोंडा आपली हद्द मानला आणि कपबशीने एक तिवराचं झाड. दोन्ही पॅनलनी एकेक राखणदार नेमला. गावाकडून अनंत, उघाडीकडून हसुराम.

अनंतची चाल ओळखायला तिला यंत्र लागलं नाही. कबड्डीत त्याचा डावा घोटा मोडला होता, तेव्हापासून उजवं पाऊल जड पडायचं. धप, टप. धप, टप. चार वर्षांनी नवऱ्याची चाल कानांत आली आणि तिला हेडफोन काढून ठेवावा लागला. थोड्या वेळाने तिने तो पुन्हा चढवला, कारण रडायला ती इथे बसली नव्हती.

कुदळीचा घाव शोधत होती ती. एक घाव, एक फावडं, रात्रीचं एखादं चोरपाऊल. तसं काही नव्हतंच. अनंत सकाळी यायचा, १८१० मीटरवर थांबायचा, परत फिरायचा. समोरून हसुराम यायचा, पाय, पाय, काठी, आणि १९०२ मीटरवर थांबून परत फिरायचा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. धोंडा १८१०वर, तिवर १९०२वर. मधल्या ब्याण्णव मीटरना छत्री म्हणायची कपबशीचे, कपबशी म्हणायची छत्रीचे. पुढे पाऊल टाकलं तर समोरच्याशी बोलायची वेळ येईल, म्हणून कोणीच टाकत नव्हतं.

त्रेपन्न दिवस त्या ब्याण्णव मीटरवर माणसाचं एकही पाऊल पडलं नव्हतं. चिंबोऱ्यांचं मात्र फावलं होतं. यंत्राने गोंगाट गाळून त्यांचं खरवडणं तिला ऐकवलं, आधी एका जागी, मग चार जागी, मग सगळीकडे. चाळिसाव्या दिवसापासून त्यात बारीक आवाज मिसळला, मडकं पाझरावं तसा. त्रेपन्नाव्या दिवशी दुपारी तो मोठा झाला. टाचेने दोनदा चिखल दाबला असता तर काम झालं असतं.

बांध कोणी कापलाच नव्हता.

दर्शना खुर्चीवर बसून राहिली. सुटका वाटायला हवी होती, पण तिच्या अंगाचा संतापाने भडका उडाला होता. चार वर्षं जे उराशी धरून ती उठत होती आणि झोपत होती, ते यंत्राने एका दुपारी काढून घेतलं. आणि त्या जागी ठेवलं काय, तर तिचंच एक वाक्य. आषाढातल्या त्या मारामारीनंतर अनंतच्या हातात डबा देताना ती म्हणाली होती, "धोंड्याच्या पुढं पाय टाकाचा नाय. त्या हसुरामशी एक शब्द बोललास तर घरान येव नको." अनंत गरीब माणूस. त्याने शब्द न् शब्द पाळला होता, ते आता पडद्यावर मीटरनिशी दिसत होतं.

तिने साठा पुसायचाही विचार केला. बटण समोर होतं. मग तिने चालू महिन्याची रेघ काढून बघितली. खांड दगड टाकून कशीबशी बुजवली होती, राखणदार बदलले होते, हद्दी मात्र त्याच होत्या. १८१०. १९०२. आणि मधे तेच खरवडणं पुन्हा सुरू झालं होतं. यंत्राचा अंदाज होता की नारळी पौर्णिमेच्या उधाणाला बांध त्याच जागी फुटेल. तीनशे एकर भात, खालच्या अंगाची चाळीस घरं, आणि गोणी घेऊन धावणारा कोणीतरी एक.

*

ग्रामसभेला एवढी माणसं कधी आली नव्हती. छत्री एका भिंतीला, कपबशी दुसऱ्या भिंतीला, मधे ग्रामसेविका आणि तिच्या बाजूला दर्शनाचा स्पीकर.

"नाव सांग," सदानंद पाटील म्हणाले.

तिने नाव सांगितलं नाही, आवाज लावला. धप, टप. धप, टप. ती चाल गावात सगळ्यांना माहीत होती. पावलं आली, थांबली, परत गेली. मग पाय, पाय, काठी. हसुरामकडे माना वळल्या. ती पावलंही आली, थांबली, परत गेली. तिने दुसरा दिवस लावला. तिसरा लावला. सहाव्या दिवसाला कोणीतरी पुरे म्हणालं. तिने सातवा लावला. मग एकही पाऊल नसलेले ते ब्याण्णव मीटर लावले, आणि सभेने चिंबोऱ्या ऐकल्या, आणि पाणी ऐकलं.

"कोनी कापला नाय," दर्शना म्हणाली. "आपन तिथं गेलो नाय म्हनून तो गेला. माझ्या नवऱ्याला धोंड्यापाशी मीच थांबवला होता. मी बोलले होते त्याला, पुढं जाव नको. आता तुमी तुमचा बघा."

मग जे व्हायचं ते झालं. सदानंद पाटील उठून म्हणाले, की बाई फुटली, कपबशीने तिला विकत घेतली, मेलेल्या नवऱ्याच्या पावलांचा तिने बाजार मांडला. समोरून कोणी म्हणालं, आमच्या म्हाताऱ्याची पावलं यंत्रान घुसवली. एक खुर्ची उडाली, मागोमाग दुसरी. ग्रामसेविकेने सभा तहकूब केली आणि स्वतःची पर्स छातीशी धरून ती जीपमधे जाऊन बसली. ठराव कसलाच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दर्शनाच्या दारात कोणीतरी शेण टाकलं. ते कोणत्या पॅनलचं हे तिला तारेवरून कळलं नाही, तार बांधापुरतीच होती.

तिने शेण काढलं, पाय धुतले आणि खोलीवर जाऊन एक कागद छापला. काल बांधावर कोण कोण चाललं आणि कितव्या मीटरवरून परत फिरलं, एवढंच त्यावर होतं. तो तिने पंचायतीच्या फळ्यावर चिकटवला. यात काही युक्ती नव्हती. तिला फक्त सगळ्यांच्या तोंडावर ते फेकायचं होतं. तिने रोज एक कागद लावला.

पाचव्या दिवशी कपबशीचा राखणदार १८९५पर्यंत गेला. हद्दीच्या पुढे सात मीटर, निव्वळ छत्रीवाल्यांना खिजवायला. फळ्यासमोर कपबशीवाले मिशीत हसले. सहाव्या दिवशी छत्रीचा माणूस १८४०पर्यंत घुसला आणि तिथे थुंकून आला. मग चढाओढच लागली. ते धोंड्यापर्यंत येतात काय, मग आपण उघाडीला हात लावून येऊ. आषाढ लागेपर्यंत दोन्हीकडची माणसं सगळा बांध चालत होती, केवळ समोरच्याच्या नाकावर टिच्चून. चालता चालता मऊ चिखल पायाला लागत होता. छत्रीवाल्याने एक बीळ बुजवलं आणि कपबशीला बिळं दिसत नाहीत म्हणून गावभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी कपबशीचे आठ जण चिखलाच्या पाट्या घेऊन गेले आणि त्यांनी वीस मीटर चिखल चढवला. त्यावर छत्रीचे पंधरा गेले. दोन टोळ्या भर दुपारी समोरासमोर चिखल थापत आणि एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. ब्याण्णव मीटरचा तो तुकडा साऱ्या बांधात सर्वांत जाड झाला.

मग शंका आली. ते लोक आपल्या नकळत काही उपद्व्याप करतील. म्हणून दोन्ही पॅनलनी मागणी केली की त्यांच्या प्रत्येक राखणदाराबरोबर आमचा एक माणूस नजर ठेवायला हवाच. ग्रामसेविकेने ते लिहून घेतलं. घरटी एक माणूस, जोडीत एक इकडचा, एक तिकडचा, पाळीपाळीने सगळा बांध. आपण जोळ परत आणली हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि आणणाऱ्यांनाही ते मान्य नव्हतं.

नारळी पौर्णिमेला उधाण आलं. पाणी बांधाच्या माथ्याला चार बोटं कमी राहिलं. तीन तास गाव बांधावर उभं होतं. कोणी कोणाशी धड बोललं नाही. बांध राहिला.

*

दर्शनाच्या घरात माणूस एकच, ती स्वतः. तिची पाळी आली तेव्हा जोडीला चिठ्ठी निघाली हसुराम घरतची. तिने चिठ्ठी बदलून मागितली नाही. त्यानेही मागितली नाही, बहुधा तिला पाठ दाखवायची नव्हती.

सकाळी सातला ते निघाले. ती पुढे, तो दहा पावलं मागे. दोन बिळं दिसली, ती तिने बुजवली, तो काठीवर रेलून नजर ठेवत होता. ती थांबली की तोही थांबायचा. आपली ही पावलं आता तार ऐकत असेल, या विचाराने तिच्या कपाळावर आठी पडली होती.

धोंड्यापाशी हसुराम आपणहून थांबला.

"तुझी तार पाय ऐकते," तो म्हणाला. "हात ऐकत नाय."

तिने वळून बघितलं.

"अनंता हितं थांबायचा ना. थांबून हात वर करायचा. मना. रोज. तोंडान काय बोलायचा नाय, पुढं पन यायचा नाय. हात मात्र करायचा."

"आनि तू?"

"मी वळायचो."

या माणसाला आत्ता खाडीत ढकलावं असं तिला खरोखर वाटलं, ते जमलंही असतं. "चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं तू हा पोटान ठेवलास."

"तू मना खुनी बोलत होतीस. खुन्याला कोन इचारतो?"

अनंतने तिचा शब्द मोडला नव्हता. पाऊल टाकलं नव्हतं, तोंड उघडलं नव्हतं. तिने बंदी घालायची राहून गेली होती ती एकच गोष्ट त्याने केली, त्रेपन्न दिवस केली, आणि घरी येऊन तिच्या हातचं जेवला. तिने त्याला कधी विचारलं नव्हतं, बांधावर काय करतोस. डोळे भरून आले ते तिने पुसले नाहीत. हसुरामने बघितलं तर बघू दे.

"कर मग," ती म्हणाली.

"काय?"

"हात. आता कर. हितंच. मी बघतंय."

हसुरामने तिच्याकडे रागाने बघितलं. मग तो काठी टेकत पुढे गेला, तिवरापर्यंत, ब्याण्णव मीटर. तिथे तो वळला. काठी त्याने डाव्या हातात घेतली आणि उजवा हात धोंड्याकडे करून वर उचलला.

धोंड्यापाशी कोणी नव्हतं. दर्शनाही तिथून बाजूला सरकली होती. म्हाताऱ्याचा हात अवघडला तरी तिने त्याला खाली घे म्हटलं नाही.